मुलांना स्वल्पविराम कसा शिकवावा? सीमाभागातील मराठी शिक्षकांसाठी धागा

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

नमस्कार. मी कर्नाटकातील खानापूर तालुक्यात एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आठवी ते दहावीच्या मुलांचे निबंध आणि पत्रे तपासताना एक गोष्ट सतत समोर येते. तिच्याविषयी आपल्या भागातील शिक्षक, पालक आणि मुद्रितशोधनाचे काम करणारी मंडळी यांच्याशी सविस्तर बोलावे, या हेतूने हा धागा काढत आहे.

आमच्या मुलांना विरामचिन्हांचा तक्ता पाठ असतो. चिन्ह दाखवले, तर ती त्याचे नाव सांगतात. एकाच जातीचे अनेक शब्द लागोपाठ आल्यास आणि संबोधनानंतर स्वल्पविराम द्यावा, हा नियमही न अडखळता म्हणून दाखवतात. तीच मुले 'माझा गाव' हा निबंध लिहायला बसली, की एक तर पानभर स्वल्पविराम सापडत नाही, नाही तर तो दर तीन-चार शब्दांनी पडलेला दिसतो. वहीत साधारणपणे असे वाक्य असते :

आमच्या गावात, भात ऊस काजू ही पिके, घेतली जातात आणि, सकाळी लवकर लोक शेतावर जातात माझे वडील सुद्धा शेतकरी, आहेत ते मला रविवारी शेतावर नेतात.

हे निष्काळजीपणाचे लिखाण आहे, असे मला वाटत नाही. यातील प्रत्येक स्वल्पविराम जेथे पडला आहे, तेथे त्या मुलाचे पेन पुढचा शब्द सुचेपर्यंत थांबलेले असते. "जेथे थोडे थांबायचे, तेथे स्वल्पविराम" हे आपणच त्याला पाचवीपासून सांगत आलो आहोत. तो थांबला आणि त्याने चिन्ह दिले. त्याने आपली सूचना तंतोतंत पाळली आहे, म्हणजे दोष शोधायचा तर सूचनेतच शोधावा लागेल.

म्हणून मी वर्गात थांबण्याचा नियम बाजूला ठेवते आणि क्रियापदापासून सुरुवात करते. मराठी वाक्य बहुधा क्रियापदाशी येऊन संपते, ही गोष्ट मुलांना सांगावी लागत नाही, ती त्यांच्या बोलण्यातच असते. मी त्यांना आपल्याच वहीतील प्रत्येक पूर्ण क्रियापदाखाली रेघ मारायला सांगते. 'जाऊन', 'करताना', 'आल्यावर' ही रूपे मोजायची नाहीत, कारण त्यांच्यापाशी वाक्य पुरे होत नाही. वरच्या उताऱ्यात 'घेतली जातात', 'जातात', 'आहेत', 'नेतात' अशी चार क्रियापदे निघतात. प्रत्येक क्रियापदाशी आल्यावर मूल स्वतःला विचारते, की येथे बोलणे संपले का? संपले असेल, तर पूर्णविराम. पुढचे बोलणे याच बोलण्याला जोडायचे असेल, तर जोडणारा शब्द कोणता? एवढे केल्यावर उतारा असा होतो :

आमच्या गावात भात, ऊस, काजू ही पिके घेतली जातात. सकाळी लवकर लोक शेतावर जातात. माझे वडीलसुद्धा शेतकरी आहेत. ते मला रविवारी शेतावर नेतात.

स्वल्पविराम येथे फक्त दोन उरले आणि दोन्ही पिकांच्या नावांमध्ये. मुलांच्या लिखाणातील स्वल्पविरामाचा गोंधळ पुष्कळदा पूर्णविरामाचाच गोंधळ असतो, हे माझे मुख्य म्हणणे आहे. वाक्य कोठे संपते हे ज्याला दिसत नाही, त्याला वाक्याच्या आतील लहान विश्रांती कशी दिसणार?

यानंतर दुसरी पायरी. एकाच कर्त्याची अनेक क्रियापदे आली, तर त्यांना स्वल्पविरामाने एका ओळीत बसवता येते : "मलप्रभा नदी कणकुंबीजवळ उगम पावते, खानापूर तालुक्यातून वाहते आणि पुढे कृष्णेला मिळते." हे वाक्य आमची मुले आवडीने लिहितात, कारण नदी त्यांच्या रोजच्या पाहण्यातली आहे. तिसरी पायरी मात्र अवघड जाते. कर्ता कितीही लांबला, तरी कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम टाकायचा नाही. "जांबोटीहून रोज बसने येणारी माझी मैत्रीण आज आली नाही" या वाक्यात 'मैत्रीण' या शब्दानंतर स्वल्पविराम देण्याचा मोह वर्गातील चांगल्या मुलांनाही आवरत नाही.

आपण कोणत्या क्रमाने शिकवता? 'की' या शब्दाजवळ काय करता? आणि आपली मुले मराठीबरोबर कन्नड व इंग्रजीही लिहितात, त्याचा काही परिणाम आपल्याला जाणवतो का?

राजहंसगड (येळ्ळूर)

बाई, आपण विषय चांगला काढलात. मी निवृत्त शिक्षक आहे आणि माझी बरीचशी नोकरी बेळगाव तालुक्यातील खेड्यांत झाली. आपली क्रियापदाची रीत मला मान्य आहे, परंतु थांबण्याचा नियम आपण सर्वस्वी बाजूला ठेवू नये, अशी माझी विनंती आहे.

थांबणे दोन प्रकारचे असते. लिहिणारा थांबतो ते त्याला शब्द सुचत नाही म्हणून, आणि वाचणारा थांबतो ते अर्थाचा एक तुकडा हाती आला म्हणून. आपल्या मुलाने पहिल्या थांबण्याला चिन्ह दिले आहे. आपल्याला हवे आहे दुसरे थांबणे. ते वाचल्याशिवाय कळत नाही, आणि आजकाल वर्गात प्रकट वाचन फार कमी झाले आहे. एक मूल वाचते, बाकीची पुस्तकात बोट ठेवून बसतात आणि तास संपतो.

माझी पद्धत अशी होती की, निबंध लिहून झाल्यावर वह्यांची अदलाबदल करायची. शेजारच्या मुलाने तो निबंध मोठ्याने वाचायचा आणि ज्याने लिहिला त्याने ऐकायचे. स्वतःचे लिखाण स्वतः वाचताना मूल मनातला अर्थ वाचते. दुसरा मात्र कागदावर जे आहे तेच वाचतो, आणि चुकीच्या ठिकाणी स्वल्पविराम असेल तर तेथे अडखळतो. ते अडखळणे ऐकून लिहिणारा मुलगा स्वतःच पेन्सिल उचलतो. पहिल्या लिखाणात स्वल्पविराम दिला नाही तरी चालेल, तो वाचनानंतर द्यायचा, अशी मोकळीक मी देत असे. त्यामुळे लिहिताना त्यांचे लक्ष विषयावर राहत असे.

दुसरी गोष्ट, स्वल्पविरामाने अर्थ बदलतो हे मुलांना प्रत्यक्ष दिसले पाहिजे. मुलांना मी त्यांच्याच घरातली वाक्ये देत असे. "दादा मारतोय" आणि "दादा, मारतोय" ही दोन वाक्ये फळ्यावर लिहून, कोणी कोणाला मारले आणि तक्रार कोणाकडे चालली आहे, हे विचारायचे. तसेच "काका, आजोबा आले" हे वाक्य. येथे काकांना हाक मारली आहे आणि आले आहेत ते आजोबा. पण "काका, आजोबा आणि आत्या आल्या" असे लिहिले, की काकांना हाक मारली की काकाही आलेल्यांत मोजले, हे कळेनासे होते. अशा वेळी चिन्हाने भागत नाही, वाक्यच बदलावे लागते. "काका, आजोबा आणि आत्या दोघेही आले" असे लिहिले म्हणजे शंका उरत नाही. मुलांना यातून एक मोठी गोष्ट कळते, की प्रत्येक अडचण चिन्हाने सुटत नाही.

अनेकवचनी संबोधनाला, म्हणजे 'मुलांनो', 'मित्रांनो' यांना 'नो' हा प्रत्यय असतो, त्यामुळे तेथे स्वल्पविराम विसरला तरी अर्थ बुडत नाही. 'आई', 'दादा', 'काका' यांची हाक मारण्याची आणि नुसते नाव घेण्याची रूपे सारखीच असतात. म्हणून संबोधनाचा स्वल्पविराम शिकवताना 'मुलांनो' हे उदाहरण न देता 'दादा' हे द्यावे. पुस्तकांत बहुधा उलट असते.

'की'विषयी मी सांगतो तो माझ्या शिक्षकांनी शिकवलेला प्रघात. स्वल्पविराम 'की'च्या नंतर द्यावा, कारण वाचताना श्वास तेथे पडतो.

खिळे आणि शाई (बेळगाव)

मी मुद्रितशोधनाचे काम करतो. अक्षरांचे खिळे जुळवण्याच्या काळात छापखान्यात आलो आणि आता संगणकावर तेच काम करतो, म्हणून या विषयावर थोडे विस्ताराने लिहिण्याची मुभा घेतो.

पहिल्यांदा पार्श्वभूमी सांगणे आवश्यक वाटते, कारण ती कळली की मुलांची अडचणही अस्वाभाविक वाटत नाही. आपल्या जुन्या पोथ्यांत एक दंड आणि दोन दंड एवढीच विरामाची सोय असे. मोडीत तर आधी शिरोरेषा ओढून तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचे. दोन शब्दांमध्येही जागा सोडण्याची पद्धत नव्हती, मग स्वल्पविराम कोठला? आपल्या भागातील ज्या घरांत जमिनीचे मोडी कागद जपलेले असतील, त्यांनी ते पाहावेत. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्ह ही सगळी चिन्हे इंग्रजी मुद्रणाबरोबर आली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती मराठीत रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. म्हणजे मराठी गद्याने ही चिन्हे वापरायला सुरुवात करून पावणेदोनशे वर्षांच्या आसपास झाली आहेत. भाषा त्याहून किती जुनी आहे हे आपण जाणतो.

याचा एक परिणाम आजही आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये त्यांत घातलेले चार, असे लेखनाचे अठरा नियम आपण मानतो. त्यांत अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ आणि काही शब्दरूपे यांचा विचार आहे. विरामचिन्हांविषयी त्यांत काही नाही. त्यामुळे 'पाणि' लिहिले तर ते नियमाने चूक ठरवता येते, पण स्वल्पविरामाच्या बाबतीत आपल्याला प्रघात, व्याकरण आणि अर्थ यांचाच आधार घ्यावा लागतो. शिक्षकांनी हे ध्यानात ठेवून लाल शाई जपून वापरावी.

आता 'की'. गुरुजींचा प्रघात पुष्कळ छापील मजकुरात दिसतो आणि तो श्वासाला धरून आहे, हे खरे. तरीही मी 'की'च्या आधी स्वल्पविराम देण्याच्या बाजूचा आहे. "आईने सांगितले, की बस चुकली" या वाक्यात 'आईने सांगितले' हे एक वाक्य आणि 'की बस चुकली' हे त्याला जोडलेले दुसरे. 'की' हा शब्द दुसऱ्या वाक्याचा आहे, त्याला घेऊनच ते वाक्य सुरू होते. दोन वाक्यांमधली सीमा त्याच्या आधी पडते. 'पण', 'म्हणून', 'कारण' यांच्या बाबतीत आपण सीमा शब्दाच्या आधीच मानतो. "मला यायचे होते, पण पाऊस आला" असे लिहितो, 'पण'च्या नंतर चिन्ह देत नाही. मग एकट्या 'की'ला वेगळा न्याय का? लहान वाक्यात तर दोन्हीकडचा स्वल्पविराम गाळला, तरी काही बिघडत नाही.

मुलांना मात्र तीन 'की' वेगळे करून दाखवावे लागतात. "चहा घेणार की सरबत?" हा विकल्पाचा 'की', "ये की लवकर!" हा आग्रहाचा 'की', आणि "त्याने सांगितले की..." हा जोडणारा 'की'. पहिल्या दोघांजवळ स्वल्पविराम द्यायचा नसतो. 'की दिसला की स्वल्पविराम' अशी सवय लागलेली मुले तेथेही चिन्ह देतात.

एक तांत्रिक गोष्ट. मोबाइलवर लिहिणारी मुले आधी जागा सोडून मग स्वल्पविराम देतात आणि पुढचा शब्द त्याला चिकटवतात. मग ओळ तुटली, की पुढची ओळ स्वल्पविरामाने सुरू होते. चिन्ह आधीच्या शब्दाला चिकटून यावे आणि जागा त्यानंतर सोडावी, एवढे एकदा दाखवले तरी पुरते.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

आपण दोघांनीही मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभार. गुरुजी, लिहिणाऱ्याचे थांबणे आणि वाचणाऱ्याचे थांबणे हा भेद माझ्या विचारात नव्हता, आणि वह्यांच्या अदलाबदलीची रीत मी या सत्रापासून सुरू करणार आहे. क्रियापदाखाली रेघ ही पहिली खेप आणि शेजाऱ्याचे वाचन ही दुसरी, अशा क्रमाने या दोन पद्धती एकत्र नांदू शकतील.

'की'बाबत मी स्वतः आधी चिन्ह देते, परंतु मुलांना मी एवढेच सांगेन, की एका निबंधात एकच पद्धत ठेवावी. दहावीच्या मुलाने एका पानावर दोन्ही प्रकार वापरले, तर त्याने विचार केलेला नाही हे दिसते. एकाच प्रकाराने शेवटपर्यंत गेला, तर माझी हरकत नाही.

दोन्ही भाषा (निपाणी)

मी निपाणी परिसरात मराठी शिकवतो आणि कन्नडही शिकवत आलो आहे. बाईंनी शेवटी विचारलेल्या प्रश्नावर अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो.

आपल्या भागातील मराठी बोलीची वाक्यरचना कन्नडच्या शेजाराने घडली आहे आणि तिच्यात काही दोष नाही. मात्र पाठ्यपुस्तकातील विरामचिन्हांचे नियम ज्या वाक्यरचनेसाठी लिहिलेले असतात, ती रचना आमच्या मुलांच्या तोंडात पुष्कळदा नसते. दुसऱ्याचे बोलणे सांगण्याची रीतच पाहा. पुस्तक म्हणते, "तो म्हणाला" नंतर स्वल्पविराम द्या आणि मग अवतरणचिन्हात त्याचे बोलणे लिहा. आमचे मूल बोलताना असे सांगत नाही. ते म्हणते, "उद्या येतो म्हणून सांगितलंय." कन्नडमध्ये 'नाळे बर्तीनि अंत हेळिद' अशी जी रचना आहे, तिच्यातील 'अंत'च्या जागी येथे 'म्हणून' बसला आहे. बोलणे आधी, मग त्याला बांधणारा शब्द, आणि सांगितल्याचे क्रियापद शेवटी. या रचनेत स्वल्पविरामाला जागाच नाही, कारण 'म्हणून' हा शब्दच दोन्ही भाग जोडतो. हे मूल जेव्हा निबंधात "उद्या येतो, म्हणून, सांगितले" असे लिहिते, तेव्हा पुस्तकातला स्वल्पविराम ते आपल्या तोंडातल्या वाक्यात बसवू पाहत असते.

मी येथे तिन्ही रचना शेजारी शेजारी मांडतो. त्याने उद्या येतो म्हणून सांगितले : येथे चिन्ह नाही. तो म्हणाला, "उद्या येतो." : येथे 'म्हणाला'नंतर स्वल्पविराम. "उद्या येतो," तो म्हणाला. : येथे अवतरणाच्या आत, बोलणे संपते तेथे स्वल्पविराम. तिन्ही वाक्ये बरोबर आहेत, हे मी मुलांना मुद्दाम सांगतो. आपली बोली चूक आहे असे वाटले, की मूल लिहिण्यालाच भिऊ लागते.

दुसरी जागा जो-तो, जेव्हा-तेव्हा यांची. "जो पाहुणा काल आला होता, तो आज गेला" असे आमच्याकडे सहसा कोणी बोलत नाही, "काल आलेला पाहुणा आज गेला" असेच बोलतात. कन्नडमध्येही अशी विशेषणासारखी रचना नेहमीची आहे. त्यामुळे जो-तोची जोडी मुलांना केवळ पुस्तकात भेटते आणि तिच्या मध्ये होणारी विश्रांती त्यांच्या कानाला ओळखीची नसते. गुरुजींचे प्रकट वाचन येथे कमी पडेल असे मला वाटते, कारण जे कानात नाही ते वाचनातून एकदम येणार नाही. येथे बाईंचे क्रियापदच कामाला येते : 'आला होता' हे पहिले पूर्ण क्रियापद, तेथे स्वल्पविराम, मग 'तो'.

तिसरी जागा यादीची. कन्नडमध्ये दोन नावे जोडताना दोन्हींना 'ऊ' लावता येतो, जसे 'रामनू लक्ष्मणनू बंदरु'. जोडण्याचे काम प्रत्ययच करतो, स्वल्पविरामाची गरज भासत नाही. आमच्या बोलीतही "रामू बी आला सदा बी आला" असे म्हणतात, म्हणून मुले यादीतला स्वल्पविराम सहज विसरतात. या चिन्हाला कन्नडच्या तासाला अल्पविराम म्हणतात, तेव्हा दोन्ही शिक्षकांनी आधी आपसात बोलून चिन्ह एकच असल्याचे मुलांना सांगावे.

टिळकवाडीतील पालक

माझी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते आणि मराठी घरी लिहिते. तिच्या लिखाणात "परंतु, मी गेले नाही", "त्यामुळे, आम्हाला उशीर झाला" अशी वाक्ये पुष्कळ असतात. इंग्रजीत वाक्याच्या आरंभी आलेल्या अशा काही शब्दांनंतर स्वल्पविराम देतात, तो तिने उचलला असावा असा माझा तर्क आहे. मराठीत हे चिन्ह चूक मानावे का? वर 'पण'विषयी जे लिहिले गेले, त्यावरून चूक मानावे असे वाटते, तरी जाणकारांनी स्पष्ट सांगितले तर तिला समजावणे सोपे जाईल.

खिळे आणि शाई (बेळगाव)

चूक म्हणण्यापेक्षा अनावश्यक म्हणा. 'परंतु' आणि 'त्यामुळे' हे शब्द पुढच्या वाक्याला जोडलेलेच असतात, त्यांना तोडण्याचे कारण नाही. माझ्या हाती असे प्रूफ आले, तर मी ते चिन्ह काढतो. होकार-नकाराचे शब्द मात्र याला अपवाद आहेत. "नाही, ती येणार आहे" आणि "ती नाही येणार" या दोन वाक्यांचे अर्थ परस्परविरोधी आहेत, आणि पहिल्यातला स्वल्पविराम गाळला तर वाचणारा क्षणभर फसतो.

पाटी-पेन्सिल (बेळगुंदी)

मी प्राथमिक शाळेत शिकवते. येथे आतापर्यंत सगळे माध्यमिकविषयी बोलले गेले, म्हणून खालच्या वर्गांची एक अडचण सांगते, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही.

आमच्या मुलांना स्वल्पविराम द्यायचा कोठे, याआधी तो काढायचा कसा, हेच नीट दाखवलेले नसते. देवनागरीत उकार अक्षराच्या खाली येतो आणि शब्दाच्या शेवटच्या अक्षराजवळ मुलाने स्वल्पविराम थोडा आत घेतला, की तो उकार किंवा पाय मोडल्याचे चिन्ह वाटू लागतो. 'ऊस,' हा शब्द 'ऊसु' असा वाचला गेल्याचे मी पाहिले आहे. दुरेघी वहीत मी त्यांना दाखवते, की स्वल्पविरामाचे डोके खालच्या रेघेवर आणि शेपूट रेघेच्या खाली, आणि शेवटच्या अक्षरापासून थोडे उजवीकडे. त्यानंतर बोटाएवढी जागा सोडून पुढचा शब्द. इंग्रजीच्या चौरेघी वहीत बसायची रेघ वेगळी असते, तेथे पुन्हा दाखवावे लागते.

तिसरी-चौथीत मी यादीच्या स्वल्पविरामापलीकडे जात नाही. मुलांना आपल्या परड्यात, शेतात किंवा शनिवारच्या बाजारात काय काय असते ते लिहायला सांगते : "आमच्या शेतात भात, बटाटे, रताळी आणि मिरच्या आहेत." 'आणि'च्या आधी स्वल्पविराम नाही, हे तेथेच पक्के होते. जोडीने येणाऱ्या शब्दांचीही ओळख मी याच वेळी करून देते. 'भाजी-भाकरी' ही एक वस्तू म्हणून बोलली जाते, तिच्यामध्ये स्वल्पविराम टाकायचा नाही, जोडरेघ द्यायची. "जेवणात भाजी-भाकरी, दही-भात आणि लोणचे होते" हे वाक्य मुलांनी बरोबर लिहिले, की मला समाधान वाटते, कारण त्यांनी वस्तू मोजून चिन्हे दिलेली असतात.

शहापूरकर (बेळगाव)

चर्चा मोलाची आहे, परंतु एक व्यावहारिक शंका मांडतो. कर्नाटक मंडळाच्या दहावीला प्रथम भाषेचा लेखी पेपर १०० गुणांचा असतो आणि विरामचिन्हांवर थेट प्रश्न आलाच, तर तो फार थोड्या गुणांचा असतो. अभ्यासक्रम वेळेत पुरा करायचा, सराव प्रश्नपत्रिका घ्यायच्या, त्यात ज्यांची मुले आधीच वाचनात मागे आहेत अशा शाळांनी स्वल्पविरामासाठी इतका वेळ कोठून काढायचा? शिवाय निबंधात प्रत्येक चिन्हाला लाल गोल केला, तर मूल पुढच्या वेळी दोन ओळी कमीच लिहील. आमच्या भागात मराठी लिहिणारी मुले कमी होत चालली असताना त्यांना चिन्हांनी घाबरवू नये, असे मला कळकळीने वाटते.

राजहंसगड (येळ्ळूर)

शहापूरकर, आपली कळकळ मला पटते. म्हणूनच मी लाल गोल कधी केला नाही. एका निबंधात एकच गोष्ट तपासायची. या आठवड्यात केवळ संबोधन, पुढच्या वेळी केवळ यादी. बाकीच्या चुका दिसल्या, तरी हात आवरायचा. चूक जेथे असेल त्या ओळीच्या समोर समासात बारीक खूण करावी आणि ती ओळीत नेमकी कोठे आहे हे मुलाने स्वतः शोधावे. शोधलेली चूक त्याच्या लक्षात राहते, दाखवलेली राहत नाही.

आणि वेळेचे म्हणाल, तर लेखी १०० गुणांखेरीज प्रथम भाषेला अंतर्गत मूल्यमापनाचे २५ गुण आहेत. ते काम शाळेच्या हाती असते. त्यातील एखादा उपक्रम म्हणून मुलांनी गावातल्या साहित्य संमेलनाचे वृत्त लिहावे. आमच्या येळ्ळूरला, कडोलीला, उचगावला अशी संमेलने होतात. वृत्त लिहिताना वक्त्यांचे म्हणणे, पाहुण्यांच्या पदांची यादी आणि स्वागताचे संबोधन असे तिन्ही प्रकारचे स्वल्पविराम आपोआप लागतात. वेगळा तास काढावा लागत नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

शहापूरकर, मूल घाबरू नये हे मलाही महत्त्वाचे वाटते. परंतु जे मूल लांब वाक्य लिहायला भिते, ते बहुधा स्वल्पविराम न कळल्यामुळेच भिते. त्याच्या मनात तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात, पण त्या एका वाक्यात नीट मांडता येतील याची खात्री नसल्यामुळे ते "मी गेलो. मी पाहिले. मी आलो." असे तुटक लिहिते आणि परीक्षक त्याला सामान्य गुण देतो. "जत्रेला गेलो, तेव्हा पाऊस सुरू झाला, म्हणून आम्ही देवळाच्या ओसरीत थांबलो" हे वाक्य तोंडी सांगताना त्याला काहीच कष्ट पडत नाहीत. तेवढेच लांब वाक्य कागदावर आणण्याचे धैर्य त्याला यावे, यासाठी हा वेळ मला खर्च करायचा आहे.

पाटी-पेन्सिल बाई, शेपूट रेघेच्या खाली येण्याची सूचना मी आठवीतही देणार आहे, कारण माझ्याकडच्या कित्येक वह्यांत स्वल्पविराम ओळीच्या मध्यभागी तरंगत असतो.

निपाणीच्या सरांना एक विनंती. दिवाळीपूर्वी मी 'आलेला पाहुणा' या धर्तीची वाक्ये तेवढी घेईन आणि जो-तो, जेव्हा-तेव्हा दिवाळीनंतर. त्याशिवाय मुलांच्या बोलण्यातील 'म्हणून'ची काही वाक्ये आपल्याकडे असतील, तर येथे द्यावीत. माझ्या भागातील बोली थोडी वेगळी आहे आणि मला दोन्हीकडची उदाहरणे वर्गात हवी आहेत.

दोन्ही भाषा (निपाणी)

जरूर. आमच्या मुलांची तीन वाक्ये देतो, बाकीची वह्या हाती आल्यावर देईन.

बस येत नाही म्हणून मास्तरांनी सांगितलं. तंबाखूला भाव नाही म्हणून आबा म्हणत होते. आज पाऊस आहे म्हणून शाळा लवकर सोडली.

तिसऱ्या वाक्यातील 'म्हणून' कारण सांगणारा आहे. तेथे "आज पाऊस आहे, म्हणून शाळा लवकर सोडली" असा स्वल्पविराम योग्य ठरतो. पहिल्या दोन वाक्यांत तो द्यायचा नाही. मुलांना आधी तिन्ही वाक्ये चिन्हांशिवाय द्यावीत आणि कोणता 'म्हणून' वेगळा आहे हे त्यांनाच शोधू द्यावे.